वाचलेली पाने

बॅप्टिस्ट मास्तरांनी बावीस वर्षं वटारच्या मराठी शाळेत शिकवलं आणि त्या बावीस वर्षांत शिकवण्याविषयी एक ओळही वाचली नाही. यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. गावातले लोक त्यांना लग्नाच्या मुहूर्तापासून विंचवाच्या उतारापर्यंत सगळं विचारत आणि मास्तर सगळ्याची उत्तरं देत. उत्तर माहीत असलं तर चटकन देत, माहीत नसलं तर आधी घसा खाकरून देत. हा फरक फक्त त्यांच्या बायकोला, क्लेमेंटीनबाईंना, ठाऊक होता आणि बाईंनी तो संसाराच्या हितासाठी कोणाला सांगितला नव्हता.

अशा माणसाच्या आयुष्यात त्रेपन्न सालच्या जुलै महिन्यात एक परिपत्रक आलं. शिक्षकांची व्यावसायिक वाढ व्हावी आणि त्यांच्या अंगी नेतृत्वाचे गुण यावेत म्हणून प्रत्येक शाळेने शिक्षक वाचन मंडळ स्थापन करावे, सोबतच्या ग्रंथाचे वाचन करावे आणि दर वर्षी जुलैअखेरीस नमुना भरून पाठवावा, असं त्यात होतं. सोबतचा ग्रंथ म्हणजे 'अध्यापकाचे आत्मपरीक्षण', पृष्ठे तीनशे बारा, प्रत एक. नमुन्यात चार रकाने होते: गाव, साधन, वाचलेली पाने, शेरा. 'ग्रंथ' असा सरळ शब्द सोडून 'साधन' का घातलं, हे तो नमुना आखणाऱ्यालाच ठाऊक. पण पुढचा सगळा घोटाळा ज्या शब्दांनी केला त्यांतला तो एक असल्यामुळे इथे नोंदवून ठेवलेला बरा.

मास्तरांनी हे परिपत्रक इतर परिपत्रकांच्या गठ्ठ्यात ठेवून वर पेपरवेट ठेवला असता. पण सोबत दिपोटींची चिठ्ठी होती. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना सगळा गाव दिपोटी म्हणे. त्यांचा खरा हुद्दा एवढा लांब होता की तो पुरा म्हणेपर्यंत ते पुढच्या गावी पोचलेले असत. चिठ्ठीत लिहिलं होतं, "आपण चार वर्षे सातवीचा वर्ग मागता. वाचन मंडळ नीट चालवून दाखवा, वर्ग देतो."

आता मात्र मास्तर उठून बसले. शाळा होती सहावीपर्यंत. सातवीला, म्हणजे फायनलला, आगाशीला जावं लागे. मुलगे जात. मुली जात नसत. सहावी झाली की त्या बापाच्या वाडीत पानवेलीची पानं खुडायला लागत आणि दोन-चार वर्षांत त्यांची लग्नं होत. यंदा सहावीत अकरा मुली होत्या. त्यांतली पानवेलीवाल्या रुडॉल्फची मुलगी इझाबेल तर अशी होती की गणित मांडताना फळ्याकडे तोंड करायची मास्तरांना धास्ती वाटे; मागून तिचा आवाज येई, "मास्तर, हातचा राहिला." ही पोरगी जूनमध्ये टोपली घेऊन वाडीत जाणार, हे मनात आलं की मास्तरांना जेवण गोड लागत नसे. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण यावर उपाय काय असं कोणी विचारलं असतं तर घसा खाकरावा लागला असता.

शनिवारी शाळा सुटल्यावर मंडळाची स्थापना झाली. सभासद तीन. अध्यक्ष मास्तर. चिटणीस चुरी गुरुजी. त्यांचं अक्षर इतकं सुंदर होतं की त्यांनी काय लिहिलंय ते वाचायचं कोणाला सुचत नसे. तिसऱ्या मटिल्डाबाई, पहिली आणि दुसरी मिळून सत्तर मुलं त्या एकट्या सांभाळत. "मला वाचायला वेळ मिळाला तर मी त्या वेळात झोपेन," असं त्यांनी सभेत स्पष्ट सांगितलं आणि चुरी गुरुजींनी वृत्तांतात "मटिल्डाबाईंनी समयोचित विचार मांडले" असं लिहिलं. पुस्तक एकच असल्यामुळे ते प्रथम अध्यक्षांनी वाचावं असं ठरलं.

त्या संध्याकाळी मास्तर ओट्यावर आरामखुर्ची टाकून, चष्मा पुसून वाचायला बसले. पहिली दहा पानं प्रस्तावनेची होती आणि त्यात लेखकाने आपल्या सगळ्या नातेवाइकांचे आभार मानले होते. मास्तरांना पुस्तक आवडू लागलं. मग अकरावं पान आलं. त्यावर लेखकाने, ओळखपाळख नसताना, एकदम विचारलं होतं: "वर्गात 'मला माहीत नाही' असे आपण शेवटचे केव्हा म्हणालात? एकदा म्हणून पाहा, आणि मग कोणाचा हात वर होतो ते पाहा."

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"ह्या माणसाने जन्मात कधी शाळा पाहिली नसावी," ते क्लेमेंटीनबाईंना म्हणाले. बाईंनी काय लिहिलंय ते विचारलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "लिवनारा तुमच्या वळखीचा हाय काय?"

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण ओटा रस्त्याला लागून होता आणि मास्तरांना पुस्तक वाचताना गावाने कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून येणारा-जाणारा कुंपणापाशी थांबू लागला. मास्तरांना परीक्षा द्यायची आहे, असं ठरून गेलं. कोणी म्हणालं, पहाटे अभ्यास करा, डोक्यात राहतं. कोणी ब्राह्मीचं तेल आणून दिलं. शेजारची एक म्हातारी तर नाक्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, मेणबत्ती लावून आली आणि मास्तरांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "घाबरू नको, बाला. नापास झालास तरी तू आमचाच मास्तर." मास्तर बावन्न वर्षांचे होते. पण सगळ्यात वर्मी लागलं ते रुडॉल्फचं बोलणं. वाडीतून घरी जाता जाता तो सायकलवरून न उतरताच म्हणाला, "मास्तर, तुमचंच शिकनं अजून चालू हाय, तर आमाला बावीस वरसं काय शिकवलात?"

त्या संध्याकाळी पुस्तक तांदळाच्या कणगीमागे गेलं.

महिना संपला. चुरी गुरुजी नमुना घेऊन आले आणि टाक दौतीत बुडवून म्हणाले, "वाचलेली पाने किती?"

"अकरा," मास्तर म्हणाले.

"मी आणि बाई?"

"तुम्ही दोघं कुठे वाचलंत? पुस्तक माझ्या घरी."

"अकरा लिहिलं तर साहेब म्हणतील मंडळ मेलं. वर्ग गेला." गुरुजींनी छताकडे पाहून हिशोब केला. "प्रत्येकी दोनशे चार धरू. सहाशे बारा. आकड्याच्या शेवटी शून्य नसलं की तो खरा वाटतो, मास्तर."

मास्तरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मैदानात अकरा मुली लंगडी खेळत होत्या. त्यांनी सही केली. त्या सहीचं शेवटचं अक्षर जरा वाकडं आलं, पण बाकीचा कागद इतका देखणा होता की ते खपून गेलं.

आता मास्तर हे पोरं खोटं बोलली की त्यांना गुडघ्यावर उभं करणारे. त्यांना जेवण जाईना. शेवटी शनिवारी ते देवळात कुमसाराला, म्हणजे पापाची कबुली द्यायला, गेले. जाळीपलीकडे म्हातारे फादर होते. अर्धा गाव त्यांनीच बाप्तिस्मा देऊन उभा केलेला.

"खोटं बोललो, फादर."

"किती वेळा, बाळ?"

मास्तर गणिताचे शिक्षक होते. सहाशे बारातून अकरा वजा केले आणि म्हणाले, "सहाशे एक वेळा."

जाळीपलीकडचा कान आणखी जवळ आला. मग फादरनी सगळी हकीकत खोदून विचारून घेतली. तीन वेळा 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं की सुटका व्हायची, अशी मास्तरांची जन्माची सवय. पण फादर म्हणाले, "प्रार्थना देवाला पुष्कळ येतात. तू ते उरलेलं पुस्तक वाच. सगळं."

तेव्हापासून मास्तर रोज शाळा सुटल्यावर घरामागच्या बावखलाकडे जाऊ लागले. तळ्याकाठी केळींच्या आड माणूस बसला तर रस्त्यावरून दिसत नाही. तिथे पाटावर बसून ते प्रायश्चित्त वाचत. हातात पेन्सिल असे. सुरुवातीला समासात "खोटे", "अशक्य", "सत्तर मुले असती तर कळले असते" असे शेरे पडले. शंभराव्या पानानंतर "बघू" असा शेरा येऊ लागला. दोनशेच्या पुढे समास कोरे आहेत. ते कोरे का, याविषयी मास्तर कधी बोलले नाहीत. पण त्याच सुमारास मटिल्डाबाईंना दिसलं की मास्तर स्वतःचा तास सोडून पहिलीच्या वर्गाबाहेर उभे आहेत आणि त्या कसं शिकवतात ते ऐकत आहेत. बाईंना वाटलं, आपल्याविरुद्ध कोणी तक्रार केली.

इकडे तो नमुना जिल्ह्याच्या कचेरीत पोचला होता. तिथे टपाल वाटणारा कारकून नवा होता, पण पान खाणारा होता. वटारचं पान म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्या साली किनाऱ्याच्या साऱ्या पट्ट्यात पानवेलींवर रोग पडला होता, पानं काळी पडून गळत होती, आणि महिनाभर त्याला मनासारखा विडा मिळाला नव्हता. त्याच्या हाती कागद आला: "गाव: वटार. साधन: अध्यापकाचे आत्मपरीक्षण. वाचलेली पाने: सहाशे बारा. शेरा: समाधानकारक." साधन म्हणजे औषध असणार आणि त्याने रोगातून काहीतरी वाचलं, या आनंदात त्याने कागद शेतकीच्या टेबलावर पाठवला. शेतकी अधिकारी त्या रोगापुढे हात टेकून बसलेच होते. त्यांनी ताबडतोब, खात्याचं नाव घालायचं विसरून, उत्तर लिहिलं: "आपल्या गावी ६१२ पाने वाचल्याचे समजते. येत्या बुधवारी अधिकारी प्रत्यक्ष पाहणीस येतील. संबंधितांनी हजर राहावे." एक प्रत त्यांनी दिपोटींना दिली, कारण मूळ कागद शाळेचा होता.

रामू पोस्टमनला सरकारी कार्ड मोठ्याने वाचत येण्याची सवय होती. कार्ड मास्तरांच्या हातात पडेपर्यंत ते अर्ध्या गावाने ऐकलं होतं. मास्तरांनी कार्ड दोनदा वाचलं. पानांची पाहणी, म्हणजे साहेब पुस्तकावर प्रश्न विचारणार! एवढ्यात रुडॉल्फ आला. या खेपेला तो सायकलवरून उतरला होता.

"मास्तर, माझ्या वाडीत एक धड पान नाय. शेजाऱ्याच्या वाडीत नाय. मग ही सहाशे बारा पानं कोनाची?"

"माझी अकराच होती, रुडॉल्फ," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "बाकीची चुरी गुरुजींनी घातली."

"चुरी गुरुजींची वाडी कुटं हाय?"

"वाडी कसली? पुस्तकाची पानं!"

रुडॉल्फने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. वटारमध्ये पान म्हणजे वेलीचं पान. पुस्तकात असतो तो कागद. "मास्तर," तो म्हणाला, "कागद मोजायला सरकार मानूस पाठवील काय?"

 मास्तरांनी घसा खाकरला आणि आठ दिवस सुट्टी न घेता पुस्तक संपवलं.

बुधवारी शाळेच्या आवारात गाव लोटला. बागायतदार काळ्या पडलेल्या पानांच्या टोपल्या घेऊन आले होते. सहावीच्या अकरा मुली पुढच्या बाकांवर. मटिल्डाबाईंनी सत्तर मुलांना पिंपळाखाली बसवून तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं. टांग्यातून सोला हॅट घातलेले एक साहेब उतरले. हातात भिंग आणि पत्र्याची पेटी. मागून सायकलवर दिपोटी. मास्तरांना वाटलं, हॅटवाले दिपोटींच्या वरचे. भिंग आणलंय म्हणजे पुस्तकावर बोटांचे ठसे बघणार. दिपोटींनाही ते आपल्या वरचे वाटले. त्यामुळे कोणी कोणाला काही विचारलं नाही.

हॅटवाल्या साहेबांनी वही उघडली. "हे अध्यापकाचे आत्मपरीक्षण तुम्ही कसं वापरता?"

"रोज थोडं थोडं," मास्तर म्हणाले.

"सकाळी की संध्याकाळी?"

"संध्याकाळी. बावखलाच्या काठी."

साहेबांनी लिहून घेतलं. "पाण्याजवळ, बरोबर. एकदम जास्त घेतलं तर?"

"पहिल्यांदा अंगाची आग होते," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. "शंभरनंतर कमी होते."

"आणि दुसऱ्यांच्या वाडीत का नाही दिलं?"

"एकच प्रत होती, साहेब."

साहेब लिहायचे थांबले. त्यांनी वर पाहिलं, टोपल्यांकडे पाहिलं, पेटी उघडून एक काळं पान मास्तरांसमोर धरलं. "मास्तर, सरळ सांगा. सगळीकडे पानं अशी गळून पडली. तुमच्या गावात काही वेली वाचल्या असतील तर त्या कशाने वाचल्या?"

आता मास्तरांना सगळं कळलं. पलीकडे दिपोटींनाही कळलं असावं, कारण त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. सारा गाव मास्तरांकडे बघत होता. गावाच्या दृष्टीने यात काही अवघड नव्हतं. मास्तरांना विचारलंय, मास्तर सांगतील. सुटायला जागाही होती. चुन्याचं काहीतरी सांगितलं असतं, मोरचुदाचं सांगितलं असतं, साहेब लिहून घेऊन गेले असते, सहाशे बारा तशीच राहिली असती आणि सातवीचा वर्गही मिळाला असता. मास्तरांनी सवयीने घसा खाकरला. दाराशी उभ्या क्लेमेंटीनबाईंनी मान खाली घातली.

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले.

पिंपळावरचे कावळेही गप्प झाले, असं चुरी गुरुजी पुढे सांगत. पण गुरुजींचे आकडे आपण पाहिले आहेत. बागायतदारांच्या हातातल्या टोपल्या खाली आल्या हे मात्र खरं. मास्तरांनी उरलेलंही सांगून टाकलं. "ती पानं पुस्तकाची होती, साहेब. आणि सहाशे बारा खोटी होती. सही माझी आहे. तेव्हा मी अकरा वाचली होती. काल रात्रीपर्यंत तीनशे बारा झाली. रोगाचं मला काही माहीत नाही."

तेवढ्यात पुढच्या बाकावरून एक हात वर झाला.

"मास्तर, मला माहीत हाय," इझाबेल म्हणाली.

रुडॉल्फ पुढे सरसावला. "गप बस गो! सायब हायत."

"बोलू दे," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"मी शनवार-रविवारी पानं खुडते," इझाबेल उभी राहून म्हणाली. "जितं पानी साचतं तितल्याच वेली काळ्या पडल्या. पयल्यांदा मुळापाशी, मग वर. आमच्या वाडीत कडेच्या उंच वाफ्यातल्या चार रांगांना काय नाय झालं. पानी तितं थांबतच नाय. बाबांना सांगितलं, तर म्हनाले, तुला काय कळतंय." तिने दप्तरात हात घातला. "मी वहीत लिवून ठेवलंय. तारखा पन."

साहेबांनी हॅट काढली. त्यांनी वही मागितली, भिंग न लावता ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "चला, त्या चार रांगा दाखव." सगळा गाव टोपल्या टाकून इझाबेलच्या मागून वाडीकडे निघाला. रुडॉल्फ सगळ्यांच्या मागे होता. मास्तरांशेजारून जाताना तो अडखळला आणि म्हणाला, "मास्तर, ही हे असलं सगळं कुटं शिकली?"

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. दुसऱ्यांदा ते बरंच सोपं गेलं.

मैदानात दिपोटी आणि मास्तर दोघेच उरले. दिपोटींनी शेरेबुक मागितलं. मास्तरांनी ते दोन्ही हातांनी दिलं, राजीनामा द्यावा तसं. "खोटी माहिती पाठवली, हे मला लिहावं लागेल," दिपोटी म्हणाले. मास्तर म्हणाले, लिहा. दिपोटींनी लिहिलं. मग टाक हातात तसाच धरून विचारलं, "पुस्तक खरंच पुरं वाचलंत?"

"पुरं."

"आधी अकराव्या पानावर का थांबलात? तिथे तेच आहे का, आत्ता तुम्ही जे म्हणालात ते?"

"तेच. तुम्ही वाचलं असेलच."

दिपोटींनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेतलं. "मी नवव्यापर्यंत पोचलोय," ते म्हणाले. "आभार संपतच नाहीत." आणि खोट्या माहितीच्या ओळीखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: "सातवीच्या वर्गाची शिफारस करतो."

पुढच्या जूनमध्ये वटारला सातवीचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी रुडॉल्फ इझाबेलला सायकलवर पुढे बसवून स्वतः घेऊन आला. शाळा घरापासून चारशे पावलांवर होती. मागोमाग बाकीच्या दहाजणी आल्या. जुलैअखेरीस चुरी गुरुजी पुन्हा नमुना घेऊन बसले. या वर्षी पुस्तकं तीन झाली होती आणि मटिल्डाबाईंनीसुद्धा, झोपेतून वेळ काढून, शंभराच्या वर पानं वाचली होती.

"वाचलेली पाने किती लिहू? खरीच साडेचारशे भरतात," गुरुजी म्हणाले.

मास्तर खिडकीतून सातवीच्या वर्गाकडे बघत होते. अकराही मुली बाकांवर होत्या. वाडीत पानं खुडायचा तो मोसम होता.

"अकरा लिहा," ते म्हणाले.

गुरुजींनी सुंदर अक्षरात अकरा लिहिलं. कचेरीतल्या कारकुनाला वर्षभरात कोणी काही समजावलं नव्हतं, कागद पुन्हा शेतकीच्या टेबलावर गेला आणि तिथे बदलून आलेल्या नव्या अधिकाऱ्याकडून नेमाने विचारणा आली: "गेल्या वर्षी आपल्या गावी ६१२ पाने वाचली होती. या वर्षी फक्त अकराच कशी? खुलासा करावा."

मास्तरांनी खुलासा स्वतःच्या हाताने लिहिला. घसा न खाकरता.

"ही अकरा खरी आहेत."